नकाशाबाहेरचा बसवंत

प्रतापरावांचा फोन आला तेव्हा मी वाचत बसलो होतो. त्यांनी आधी विचारलं, घरात कोण आहे? मी म्हटलं, मी एकटाच. मग ते म्हणाले, "दाजी, अक्का गेली."

वसुमती, माझी बायको, त्या दिवशी सकाळी बेंगळुरूतच येलहंकाला माहेरी गेली होती. आईचं श्राद्ध होतं. स्वयंपाकघरात वाटण करता करता खाली बसली आणि उठली नाही. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. मेंदूत रक्तस्राव झाला असं डॉक्टरांनी सांगितलं. तिला बीपी नव्हतं, साखर नव्हती.

मारतहळ्ळीहून मी गाडी केली. ड्रायव्हरनं कन्नडमध्ये विचारलं, "एअरपोर्ट का सर?" मी म्हटलं, नाही, येलहंका. हेब्बाळला गाड्या तुंबल्या होत्या. त्यानं रेडिओ लावला. मी बंद करायला सांगितलं नाही.

पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं. मुलगा नाही, मुलगी नाही. अग्नी मीच दिला.

आमचं काम काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही दोघं पेटंटचं काम करायचो. मी आधी एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होतो. वसुमती संख्याशास्त्र शिकलेली, एका मोठ्या कंपनीत पेटंटची माहिती चाळायचं काम करायची. नंतर दोघांनीही नोकरी सोडली आणि पुढच्या खोलीत दोन टेबलं टाकली.

समजा एखाद्याला एक यंत्र बनवून विकायचं आहे. त्यात दुसऱ्याच्या पेटंटवर पाय पडतो का, हे त्याला आधी बघावं लागतं. शोधायला गेलं तर शेकडो पेटंट निघतात आणि सगळी बारकाईनं वाचणं परवडत नाही. म्हणून वसुमती त्यांचा नकाशा काढायची. इंग्रजी शिकलेले लोक त्याला नेटवर्क अ‍ॅनालिसिस म्हणतात. एक पेटंट म्हणजे एक ठिपका. नव्या पेटंटनं जुन्याचा दाखला दिला असेल तर दोघांमध्ये रेघ. ज्याच्याकडे पुष्कळ रेघा येतात तो ठिपका मोठा. एकमेकांचे दाखले देणारे ठिपके एकत्र गोळा होतात आणि त्यांचे पुंजके दिसतात. मग कुठल्या पुंजक्यात आपलं यंत्र बसतं ते बघून तेवढीच पेटंटं मी नीट वाचायची. कायद्याचा सल्ला पुढे वकील देतात. कुठे बघायचं ते आम्ही सांगायचो.

परदेशातल्या पेटंटवर दाखले वेगळे छापलेले असतात. आपल्याकडे तसं नसतं, मजकूर चाळून काढावे लागतात. ते मी काढायचो, बाकी मजकुराकडे न बघता. रेघा ती मारायची.

तिचे दोन नियम होते. एखाद्यानं आपल्याच जुन्या पेटंटचा दाखला दिला असेल तर ती रेघ धरायची नाही. "स्वतःच स्वतःला मोठं म्हटलं तर त्याला काय किंमत?" असं ती म्हणायची. दुसरा नियम असा, की ज्या ठिपक्याला एकही रेघ उरत नाही तो नकाशातून काढून टाकायचा. दोन्ही नियम तिचे एकटीचे नाहीत, या धंद्यात पुष्कळ लोक तसंच करतात.

तिचं खरं नाव झालं ते कागदांवरची माणसं जुळवण्यात. आपल्या इकडे नावाचं काही खरं नसतं. एकाच माणसाचं नाव एका कागदावर गावाचं आद्याक्षर लावून, दुसऱ्यावर वडिलांचं नाव पुढे, तिसऱ्यावर मागे. बाहेरच्या देशात बनवलेले प्रोग्राम त्याची तीन माणसं करतात. वसुमती ती तीन परत एक करायची. गाव बघायची, पत्ता बघायची, विषय बघायची. बेंगळुरूतल्या दोन-तीन मोठ्या ऑफिसांतून लोक फक्त तेवढ्यासाठी तिला फोन करत.

ती गेली तेव्हा हातात काम होतं महानंदाबाईंचं. महानंदाबाई विजापूरकडच्या. होसकोट्याला त्यांचा भाकरीचा कारखाना आहे, तिथून हॉटेलांना आणि आयटीवाल्यांच्या कँटीनला ज्वारीची भाकरी जाते. बायका हातानं थापतात. बाईंनी एका मिस्त्रीला धरून भाकरी थापणारं यंत्र करून घेतलं होतं. ज्वारीचं पीठ दाबलं की कडेला चिरतं. त्यांच्या यंत्रात खालची चकती दाबताना थोडी थोडी फिरते आणि भोकांतून वाफ येते. त्यानं कड चिरत नाही. आता त्यांना ते यंत्र बनवून विकायचं होतं. त्यासाठी शेजारची शेड घेतली होती, माणसं ठेवली होती. आमच्या नकाशासाठी सगळं थांबलं होतं.

नकाशा वसुमतीनं पुरा केला होता. त्यात फिरणारी चकती आणि वाफ दोन्ही असलेलं जिवंत, म्हणजे मुदत न संपलेलं, पेटंट एकही नव्हतं. म्हणजे वाट मोकळी. मी तपासायचं तेवढं राहिलं होतं.

दिवस झाल्यावर महानंदाबाई भेटायला आल्या. पदर डोक्यावर घेऊन बसल्या.

"वैनी गेल्या, आणि मी कामाचं विचारतीया. बरं नव्हं हे, अण्णा."

"विचारा. काम आहे ते."

"नकाशा झालाय म्हनल्या होत्या फोनवर. वाट मोकळी हाय म्हनल्या. मग मी मिस्त्रीला पत्रा आनाय सांगू का?"

"थोडं थांबा. मी एकदा बघून देतो."

"वैनींनी बगितल्यावर आनि काय बगायचं असतं?"

"आमची पद्धत आहे तशी."

पद्धत खरी होती. नकाशातून काढून टाकलेल्या ठिपक्यांतले काही मी वाचायचो. सगळे नाही, हाताला येतील ते. वसुमतीच म्हणायची, "मी काय टाकलंय ते तुम्ही बघा. काय ठेवलंय ते गिऱ्हाईक बघेलच."

पण मी लगेच बसलो नाही. तिचा कॉम्प्युटर उघडवत नव्हता. त्याच दिवसांत प्रतापराव एक भलं मोठं पुडकं घेऊन आले. ते वसुमतीचे धाकटे भाऊ, येलहंकाला त्यांचं मंगल कार्यालय आहे. आत काचेची फ्रेम होती. फ्रेममध्ये तोच नकाशा, रंगीत, मोठ्या कागदावर छापलेला. वसुमतीनं त्यांना कधीतरी मोबाइलवर पाठवला होता.

"रविवारी आपल्या लोकांची सभा ठेवलीय ना दाजी, अक्कासाठी. फोटो ठेवणार, हार घालणार, ते सगळे करतात. मी म्हटलं, तिचं काम पण ठेवू. रांगोळीसारखं दिसतं बघा. खाली नाव घातलंय."

खाली सोनेरी अक्षरांत नाव होतं. 'वसुमती यांचे शेवटचे कार्य.'

"हे भाकरीच्या मशीनचं आहे, प्रतापराव."

"असू दे की. कुणाला कळतंय?"

मला हसू आलं. ती गेल्यापासून पहिल्यांदाच आलं. वसुमती असती तर तिनं त्यांना धारेवर धरलं असतं. ते गेल्यावर मी फ्रेम भिंतीला टेकून ठेवली आणि मग कॉम्प्युटर उघडला.

काढून टाकलेल्यांत एक पेटंट होतं, 'अन्नपदार्थ सपाट करण्याचे साधन'. पेटंटची नावं अशीच असतात, त्यावरून काही समजत नाही. उघडून वाचलं. फिरणारी चकती. चकतीला भोकं. भोकांतून वाफ. ज्वारी, बाजरी, नाचणी यांच्या पिठासाठी. चारेक वर्षांपूर्वी मंजूर झालेलं, फी भरलेली, जिवंत. महानंदाबाईंचं यंत्र आणि हे, यांत फरक काढायचा म्हटलं तर मला काढता येईना.

हे बाहेर का गेलं ते मग शोधलं. या पेटंटनं एकाच जुन्या पेटंटचा दाखला दिला होता, चाळीस वर्षांपूर्वीच्या. ते जुनं नकाशात कडेला होतं, चपातीच्या दोन यंत्रांनी त्याचा दाखला दिलेला म्हणून. केव्हाच संपलेलं. जुन्यावर शोधकर्त्याचं नाव बसवंत महांतेश. नव्यावरही बसवंत महांतेश. गाव तेच, अथणीजवळचं. गल्लीसुद्धा तीच. वसुमतीनं दोघांना एक माणूस धरलं होतं. म्हणजे आपणच आपला दाखला दिला, म्हणून रेघ गेली. रेघ गेल्यावर ठिपका एकटा पडला, म्हणून तोही गेला.

नियमाप्रमाणे सगळं बरोबर होतं. पण मी निपाणीकडचा आहे. आमच्या भागात थोरल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. माझंच नाव, रघुपती, माझ्या आजोबांचं. महांतेशचा मुलगा बसवंत, बसवंतचा मुलगा महांतेश, त्याचा मुलगा परत बसवंत. वडिलांचं नाव जोडलं तरी आजोबा आणि नातू कागदावर सारखेच. वसुमतीला हे माहीत नव्हतं असं नाही. माझ्या घरी तिनं इतकी वर्षं पाहिलं होतं. पण तिचा सगळा जन्म तुटलेली माणसं जोडण्यात गेला होता. एक दिसतंय त्याची दोन करायची, हे तिच्या कामात कधी आलं नव्हतं.

नव्या पेटंटच्या कागदांवर फोन नंबर होता. मी लावला. बाईंनी उचलला. मी कन्नडमध्ये विचारलं, बसवंत आहेत का.

पलीकडे हसू ऐकू आलं. "अण्णा, ते नाव मी घेत नाही. सासऱ्यांचं आहे. आप्पू पाहिजे का?"

"आप्पू म्हणजे?"

"माझा मुलगा. कागदावर ते नाव आहे त्याचं. घरात आम्ही आप्पूच म्हणतो. मामंजी जाऊन किती वर्षं झाली. त्यांना विचारत असाल तर उशीर केला तुम्ही."

मग मुलगा फोनवर आला. मुलगा म्हणजे तिशी ओलांडलेला, बेळगावात इंजिनिअरिंग केलेला. मी पेटंटवरची नावं जुळवण्याचं काम करतो, एवढंच सांगितलं. कुणासाठी ते सांगितलं नाही. ते सांगायचं नसतं.

"पहिलं मशीन अज्जांनी केलं," तो म्हणाला. "मी त्यात चकती फिरती केली आणि वाफ घातली. एकच तयार केलंय, मागच्या पडवीत आहे."

"चालतं का?"

"चालतं तर! पण आई त्यावरची भाकरी खात नाही. म्हणते, हाताची चव नाही."

मागून आईचा आवाज आला, "खरं ते सांगतेय. चव नाही म्हणजे नाही!"

मी फोन ठेवला. आता दोन माणसं झाली होती. रेघ परत आली, ठिपका परत आला, आणि महानंदाबाईंची वाट बंद झाली.

हे कुणाला माहीत नव्हतं. नकाशा तिनं पुरा केलेला, गिऱ्हाइकाला फोनवर सांगितलेला, मेव्हण्यानं काचेत घातलेला. मी फक्त एक पाकीट होसकोट्याला पाठवायचं, की वसुमतीचं शेवटचं काम जसं होतं तसं राहिलं असतं. तो बसवंत मशीन पडवीत ठेवून बसलेला. कदाचित त्याला कधी कळलंही नसतं. पण कळलं असतं तर महानंदाबाईंची शेड, माणसं, विकलेली यंत्रं, सगळंच अडकलं असतं. आणि त्यांनी ते वसुमतीच्या शब्दावर केलेलं असतं.

मी येलहंकाला गेलो. प्रतापराव कार्यालयात खुर्च्या मोजून घेत होते.

"फ्रेम सभेला ठेवू नका," मी म्हटलं. "नकाशात चूक आहे."

"कसली चूक?"

मी सांगितलं. आजोबा, नातू, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे एक ठिपका कमी आहे."

"हो."

"एवढ्या ठिपक्यांत एक."

"तोच हवा होता."

"दाजी, स्वल्प थांबा. सभेला येणारे कोण? आपली माणसं. हणमंतरावमामा, सोयराबाई आत्या. त्यांना ठिपका कळतो का? अक्कानं आयुष्यभर केलं ते त्यांनी एकदा बघू दे. तुम्ही त्या बाईंना काय द्यायचं ते द्या, पण इथं अक्काचं चुकलं असं कशाला?"

"खाली शेवटचं कार्य लिहिलंय तुम्ही. तिला चुकीचं काम भिंतीवर लावलेलं चाललं नसतं."

"तिला काय चाललं असतं ते तुम्हालाच माहीत, असं नाही. मी तिचा भाऊ आहे." ते चिडले होते. डोळे भरून आले होते. "लहानपणी माझी गणितं तीच तपासायची. चुकलं की कानाखाली द्यायची. माझी फार चुकायची."

"मग?"

त्यांनी एक वाकडी खुर्ची ओळीत सरकवली. नंतर म्हणाले, "सरी, ठीक आहे. नुसता फोटो ठेवू. फ्रेम मी माझ्या खोलीत लावतो. तिथं तुम्ही काही बोलायचं नाही."

मी म्हटलं, बरं.

सभा झाली. लोक चांगलं बोलले. ती काय काम करायची ते कुणाला नीट सांगता आलं नाही. एकजण म्हणाला, कॉम्प्युटरमध्ये होत्या.

दुसऱ्या दिवशी मी होसकोट्याला गेलो. कारखान्यात बायका दोन ओळींत बसून भाकऱ्या थापत होत्या. मागे शेडमध्ये यंत्र होतं. महानंदाबाईंनी ते मला चालवून दाखवलं. पिठाचा गोळा ठेवला, वरची पाटी खाली आली, चकती थोडी फिरली, वाफ आली. भाकरी छान झाली होती. कड गोल.

मी त्यांना सांगितलं. कागद दाखवले. बसवंतचं पेटंट, त्यातलं चित्र. महानंदाबाईंनी चित्रावर बोट ठेवलं.

"ही तर माझीच चकती हाय."

"हो."

"मी कुणाची चोरलेली न्हाई, अण्णा. मिस्त्री आनि मी, दोघांनी बसून केलीया."

"मला माहीत आहे. चोरली असं कुणी म्हणत नाही. पण त्यानं आधी नोंदवली. त्याला न विचारता विकता येणार नाही."

"वैनी तर मोकळं हाय म्हनल्या."

"तिचं चुकलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आजारी असतील हो. आतून काय तरी चाललं असंल, कुनाला कळलं नसंल. अशा वक्ताला मान्साचं ध्यान ऱ्हात न्हाई. आमची आई बी शेवटी शेवटी मीठ दोनदा घालायची."

त्यांनी मला सोपं करून दिलं होतं. हो म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं.

"नाही," मी म्हटलं. "ती आजारी नव्हती. नकाशा केला तेव्हा धडधाकट होती. तिचं डोकं ठिकाणावर होतं आणि तिचं चुकलं."

एक बाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी प्यालो. महानंदाबाई यंत्राच्या पाटीवरचं पीठ पदरानं पुसत होत्या.

"मग आता पत्रा आनायचा न्हाई."

"आणू नका. वकिलांना दाखवू. त्याच्याकडून परवानगी घेता येईल, पैसे ठरवून. किंवा चकती न फिरवता काही जमतंय का ते मिस्त्रीला विचारा."

"न फिरवता कड चिरतीया. वर्ष गेलं त्यात आमचं." मग त्यांनी विचारलं, "कसा हाय त्यो पोरगा?"

"बरा वाटला. बोलायला मोकळा आहे. त्याच्या आईला मशीनची भाकरी आवडत नाही."

"तिला काय कळतंय!" महानंदाबाई एकदम म्हणाल्या. मग हसल्या. "त्याचं मशीन चांगलं नसंल. चकती फिरवायला येती, किती फिरवायची ते आलं पायजे. वकिलांना ईचारून मीच जाते अथणीला. पिशवीत चार भाकऱ्या घेऊन जाते."

निघताना त्यांनी मलाही भाकऱ्या बांधून दिल्या. शेडमधल्या माणसांचं काय करायचं ते त्या बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

घरी आलो. नकाशा दुरुस्त करायला बसलो. बसवंतची दोन माणसं करायची आणि रेघ परत मारायची, एवढंच. पण वसुमतीचा प्रोग्राम मला चालवता येत नाही. मी वाचणारा माणूस आहे. नकाशाच्या ऐवजी मी महानंदाबाईंना एक पान लिहून दिलं. त्यात चूक काय होती आणि कुणाची होती ते लिहिलं. खाली मी सही केली. तिचं नाव वर, नकाशा करणारी म्हणून, तसंच ठेवलं.

महानंदाबाई अजून अथणीला गेलेल्या नाहीत. वकिलांनी थोडं थांबायला सांगितलं आहे.

आजोबा आणि नातू यांना एक धरणं फक्त याच नकाशात झालं असेल असं नाही. माणसं जुळवण्याची रीत सगळीकडे तीच होती. आधीचे नकाशे गिऱ्हाइकांकडे गेले आहेत आणि काहींनी त्यावर कारखाने काढले आहेत. त्या नकाशांतून जे टाकलं होतं त्यातलं मी थोडं वाचलं होतं, सगळं नाही. ते सगळं आता वाचायला हवं. मी अजून सुरुवात केलेली नाही.